सरकारी वकिलाचे नातेसंबंध कागदावर हवेत

मा. संपादक,
स. न.

राजकीय घराण्यातील कुणाची जिल्हा सरकारी वकील म्हणून नेमणूक झाली की दोन दिवस ठरलेली चर्चा होते. विरोधक घराणेशाहीचा आरोप करतात, सत्ताधारी ‘वकील म्हणून त्यांची पात्रता पाहा’ म्हणतात, आणि तिसऱ्या दिवशी विषय संपतो. या चर्चेत एक कागद कुणीच मागत नाही. ज्या पॅनेलमधून, म्हणजे योग्य वकिलांच्या यादीतून, हे नाव आले, ते पॅनेल आणि त्यावर सत्र न्यायाधीशांनी नोंदवलेले मत. तो कागद उघड झाला तर निम्मा वाद तिथेच मिटेल. उरलेल्या निम्म्यासाठी नातेसंबंध लेखी उघड करण्याचा नियम करावा लागेल, कारण आज तसा नियमच नाही. हे पत्र त्या दोन गोष्टींसाठी आहे.

आधी हे स्पष्ट करतो की नाते हा गुन्हा नव्हे. स्वतंत्र भारताचे पहिले ॲटर्नी जनरल मोतीलाल सेटलवाड हे सर चिमणलाल सेटलवाडांचे चिरंजीव. चिमणलाल नामांकित वकील तर होतेच, शिवाय उदारमतवादी पक्षाचे पुढारी आणि मुंबईच्या गव्हर्नरांच्या कार्यकारी मंडळाचे सदस्यही होते. अशा घरातून आलेल्या मोतीलालजींनी १९५० ते १९६३ या काळात ते पद सांभाळले. १९५८ मध्ये मुंदडा प्रकरणी न्या. छागला यांचा एकसदस्यीय आयोग मुंबईत बसला. आयुर्विमा महामंडळाचे सव्वा कोटीच्या आसपास रुपये एका उद्योगपतीच्या कंपन्यांच्या शेअरमध्ये कसे गेले, हा प्रश्न होता. त्या आयोगासमोर सेटलवाडांनी मंत्र्यांचा बचाव केला नाही, आयोगाला सत्यापर्यंत पोचायला मदत केली. अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना राजीनामा द्यावा लागला. सरकारचा वकील सरकारमधल्या माणसांचा वकील नसतो, याचे याहून चांगले उदाहरण आपल्याकडे शोधावे लागेल.

नाते थेट सत्तेतल्या माणसाशी असले की प्रश्न वेगळा होतो. अमेरिकेत अध्यक्ष जॉन केनेडी यांनी १९६१ मध्ये सख्ख्या भावाला, रॉबर्ट यांना, ॲटर्नी जनरल नेमले. रॉबर्ट यांनी सिनेटच्या समितीचे मुख्य वकील म्हणून काम केले होते, पण न्यायालयातल्या वकिलीचा अनुभव जवळपास नव्हता. त्यांचे काम पुढे चांगले झाले की वाईट, हा वाद तिथे अजून चालतो. पण तिथल्या काँग्रेसने १९६७ मध्ये कायदा करून, सार्वजनिक पदावरच्या व्यक्तीने आपल्या अधिकारातल्या खात्यात नातेवाइकाला नेमू नये, असे ठरवले. माणूस चांगला निघेल की वाईट, या भरवशावर त्यांनी ते सोडले नाही.

आपल्याकडे काय आहे ते पाहू. सरकारतर्फे फौजदारी न्यायालयात उभे राहणाऱ्यांचे दोन वेगळे रस्ते आहेत आणि सामान्य वाचक ते नेहमी एकत्र करतो. प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर उभे राहतात ते सहायक सरकारी अभियोक्ता. ते महाराष्ट्र लोकसेवा आयोगाची परीक्षा देऊन येतात. त्यांना पगार असतो, बदली असते, सेवापुस्तक असते, वर्तणूक नियम असतात. सत्र न्यायालयात खून, बलात्कार, दरोडा, बालकांवरील अत्याचार असे खटले चालवतात ते जिल्हा सरकारी वकील आणि त्यांच्या हाताखालचे अतिरिक्त व सहायक सरकारी वकील. हे वकिलांमधून, मुदतीसाठी नेमले जातात. ‘महाराष्ट्र विधी अधिकारी नियम, १९८४’ त्यांना लागू. ते सरकारी नोकर नाहीत, म्हणून नागरी सेवा वर्तणूक नियमांची चौकट त्यांच्याभोवती नाही. म्हणजे लहान गुन्ह्यांचा अभियोक्ता स्पर्धा परीक्षेतून येतो आणि जन्मठेपेच्या खटल्याचा पॅनेलमधून. राजकीय घराण्याचा प्रश्न येतो तो या दुसऱ्या रस्त्यावर.

पॅनेल तयार कसे होते, हे कायद्यात लिहिलेले आहे. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम २४ सांगत होते की जिल्हादंडाधिकाऱ्यांनी, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांनी, सत्र न्यायाधीशांशी विचारविनिमय करून योग्य वकिलांच्या नावांचे पॅनेल करायचे. त्या पॅनेलबाहेरच्या कुणालाही सरकार नेमू शकत नाही. किमान सात वर्षांची वकिली हवी. विशेष सरकारी वकिलासाठी दहा. महाराष्ट्राने १९८१ मध्ये राज्यदुरुस्ती करून यातले ‘सत्र न्यायाधीशांशी विचारविनिमय करून’ हे शब्द काढले आणि त्या जागी ‘राज्य सरकारच्या मान्यतेने’ असे घातले. उच्च न्यायालयातील सरकारी वकिलाच्या बाबतीत उच्च न्यायालयाशी सल्लामसलत करण्याची अटही त्याच दुरुस्तीत गेली. त्या दिवसापासून कायद्याच्या पुस्तकापुरते तरी पॅनेल करणारे सरकारचे अधिकारी, त्याला मान्यता देणारे सरकार आणि नेमणूक करणारेही सरकारच, अशी स्थिती झाली. वकिलाला रोज काम करताना पाहणारे एकमेव तटस्थ डोळे न्यायाधीशांचे. नेमके तेच मजकुरातून वगळले गेले.

१ जुलै २०२४ पासून जुन्या संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे. संसदेने संमत केलेल्या कलम १८ मध्ये दोन्ही सल्लामसलती आहेत. पॅनेल सत्र न्यायाधीशांशी विचारविनिमय करूनच होईल, आणि उच्च न्यायालयाच्या बाबतीत उच्च न्यायालयाशी. आपल्या राज्यातल्या वकील संघटनांनी याकडे फारसे लक्ष दिलेले दिसत नाही. खरे तर ही मोठी संधी आहे. जोहरी मल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्येच सांगून ठेवले आहे की ही सल्लामसलत नावापुरती नको, परिणामकारक हवी. मार्च २०१६ मध्ये ब्रिजेश्वरसिंग चहल प्रकरणात पंजाब आणि हरयाणाच्या बाबतीत न्यायालय आणखी पुढे गेले. आधी किती वकील लागतात याचा अंदाज घ्या, निवड समिती नेमा, निकष ठरवा, न्यायाधीशांचे मत घ्या, असा तो निकाल आहे. त्यानंतर हरयाणाने २०१६ मध्ये आणि पंजाबने २०१७ मध्ये विधी अधिकाऱ्यांच्या नेमणुकीचा स्वतंत्र कायदा केला. आपण अजून १९८४च्या नियमांवर आहोत.

आता प्रश्न असा की सरकारी वकिलाच्या हातात असते तरी काय? निकाल न्यायाधीश देतात, तपास पोलीस करतात, मग मधल्या माणसाच्या नात्याने काय बिघडते? जिल्हा न्यायालयात रोज वावरणाऱ्याला हे सांगावे लागत नाही, पण वाचकांसाठी जरा तपशिलात जातो.

जामीन अर्जापासून सुरुवात करू. आरोपीचा अर्ज आला की न्यायालय सरकार पक्षाचा ‘से’, म्हणजे लेखी म्हणणे, मागवते. तपास अधिकाऱ्याचा से पोलीस ठाण्यातून येतो आणि सरकारी वकील आपला से जोडतो. नीट केलेल्या सेमध्ये गुन्हा कोणत्या टप्प्यावर आहे, काय जप्त झाले आणि काय व्हायचे आहे, आरोपीवर आधीचे गुन्हे किती आणि त्यात जामीन कधी मिळाला, फिर्यादी आणि आरोपी एकाच गल्लीत राहतात का, साक्षीदारावर दबाव आल्याची अदखलपात्र नोंद आहे का, हे सगळे येते. आणि दुसरा से असा असतो: ‘तपास अधिकाऱ्याच्या म्हणण्याप्रमाणे अर्जास विरोध आहे. योग्य तो आदेश व्हावा.’ एक ओळ आणि सही. कागदोपत्री विरोध झाला, पण न्यायाधीशांसमोर विचार करायला काही ठेवलेच नाही. जामीन होतो आणि दोष न्यायालयाला दिला जातो. या दोन सेमधला फरक कुठल्याही नोंदवहीत दिसत नाही.

साक्षीपुराव्यात हे आणखी बारीक होते. साक्षीदार सरतपासात, म्हणजे त्याला बोलावणाऱ्या बाजूच्या प्रश्नांना उत्तरे देताना, फिरला, पोलिसांना दिलेल्या जबाबातले काहीच सांगेना, की सरकारी वकिलाने लगेच न्यायालयाची परवानगी घेऊन आपल्याच साक्षीदाराला उलटतपासाच्या धर्तीवर प्रश्न विचारायचे असतात. पूर्वी साक्ष अधिनियमाचे कलम १५४ होते, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाचे १५७ आहे. जबाबातला विरोधात जाणारा नेमका मजकूर साक्षीदाराला वाचून दाखवायचा, त्या भागाला ‘पोर्शन मार्क ए’ अशी खूण करून घ्यायची, आणि पुढे तपास अधिकारी पिंजऱ्यात आला की हा भाग साक्षीदाराने सांगितल्याप्रमाणेच लिहिला होता, हे त्याच्याकडून शाबीत करून घ्यायचे. यातली एक पायरी राहिली तर तो विरोधाभास पुराव्यात येत नाही. काही वेळा परवानगी घेतली जाते, दोन प्रश्न विचारले जातात, ‘खरे नाही’ अशी दोन उत्तरे नोंदली जातात आणि उलटतपास संपतो. पोर्शनवर खूण नाही, तपास अधिकाऱ्याला त्याबद्दल प्रश्न नाही. रोजनाम्यात, म्हणजे न्यायालयाच्या दैनंदिन नोंदीत, ‘साक्षीदार फितूर, सरकार पक्षाने उलटतपास घेतला’ एवढेच दिसते. निकालपत्रात मात्र लिहिले जाते की फितूर साक्षीदाराच्या उलटतपासात काहीही निष्पन्न झाले नाही.

मग पुरावा बंद झाल्याची पुरसिस, म्हणजे तसे न्यायालयाला लेखी कळवणे. कुठला साक्षीदार तपासायचा आणि कुठला सोडायचा, हा सरकारी वकिलाचा अधिकार. पंच सापडत नाही, डॉक्टर बदलीवर गेले, समन्स परत आले, अशी कारणे खरीही असतात. पण समन्स किती वेळा काढले, वॉरंट मागितले का, पोलीस अधीक्षकांना पत्र लिहिले का, हे पाहिल्याशिवाय खरे-खोटे कळत नाही. पुरसिसवर सही झाली की प्रकरण पुढच्या टप्प्यावर जाते. मागे फिरायचे तर साक्षीदार पुन्हा बोलावण्याचा अर्ज द्यावा लागतो आणि तोही सरकारी वकिलानेच द्यायचा असतो. फिर्यादीने खासगी वकील दिला तरी त्याला सरकारी वकिलाच्या सूचनेखालीच काम करावे लागते.

शेवटचा टप्पा अपिलाचा, आणि माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित. निर्दोष सुटकेविरुद्ध राज्याला अपिलासाठी ९० दिवस असतात. निकालाच्या दिवशी नकलेचा अर्ज द्यायचा, नक्कल हातात आली की अपील करण्याजोगे आहे की नाही याबद्दल सरकारी वकिलाने कारणांसह मत लिहायचे, मग प्रस्ताव मंत्रालयात विधी व न्याय विभागाकडे आणि तिथून उच्च न्यायालयातल्या सरकारी वकिलांकडे. नक्कल महिनाभर पडून राहिली आणि मत आणखी महिन्याने गेले की मुदत संपत आलेली असते. सरकार आहे म्हणून उशीर आपोआप माफ होणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्येच बजावले आहे. दिवाणी बाजूला भूसंपादनाची प्रकरणे घ्या. २०१३च्या भूसंपादन कायद्यात वाढीव मोबदल्याविरुद्ध उच्च न्यायालयात जायला ६० दिवस, आणि पुरेसे कारण दाखवले तर फार तर आणखी ६०. यात वाढीव रक्कम मिळणारा खातेदार सरकारी वकिलाच्या सासुरवाडीचा असेल तर ‘अपील करण्याजोगे नाही’ हे मत कायद्याने बनले की नात्याने, हे कोण तपासणार? मत प्रामाणिक असले तरी शंका राहतेच, आणि ती त्या वकिलावरही अन्याय करते.

राजकारण आणि सरकारी वकील यांची सांगड घट्ट बसली की खटल्याचे काय होते, याचे सर्वांत मोठे उदाहरण तमिळनाडूचे आहे. जयललिता यांच्या बेहिशेबी मालमत्तेचा खटला चेन्नईत सुरू होता. २००१ मध्ये त्यांचा पक्ष पुन्हा सत्तेवर आला. त्यानंतर आधीच तपासून झालेले ७६ सरकारी साक्षीदार पुन्हा उलटतपासासाठी बोलावले गेले आणि त्यांतले बहुतेक आधीची साक्ष फिरवून गेले. सरकार पक्षाने विरोध केला नाही, फिरलेल्यांना फितूर ठरवून घेतले नाही, त्यांची फेरतपासणी केली नाही. वर सांगितलेल्या पायऱ्याच वगळल्या गेल्या. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २००३ मध्ये खटला कर्नाटकात हलवला. विशेष न्यायालयाचा दोषी ठरवणारा निकाल सप्टेंबर २०१४ मध्ये आला. पुढे उच्च न्यायालयात अपील चालले तेव्हाही तमिळनाडूने नेमलेलाच वकील सरकार पक्षातर्फे उभा राहिला. ती नेमणूक बेकायदा असल्याचे सर्वोच्च न्यायालयाला एप्रिल २०१५ मध्ये सांगावे लागले. उच्च न्यायालयाने मे २०१५ मध्ये केलेली सुटका सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१७ मध्ये रद्द केली, तोपर्यंत मुख्य आरोपी हयात नव्हत्या. यात रक्ताचे नाते नव्हते, फक्त नेमणूक करणाऱ्याशी असलेले बांधिलकीचे नाते होते. त्यात रक्ताची भर पडली तर काय, याचा विचार ज्याने त्याने करावा.

खटला मागे घेण्याचा अधिकारही सरकारी वकिलाचाच आहे. पूर्वी जुन्या संहितेचे कलम ३२१, आता नव्या संहितेचे ३६०. सरकार सांगू शकते, पण अर्ज त्याने स्वतःच्या बुद्धीने द्यायचा असतो. बिहारमध्ये जगन्नाथ मिश्र मुख्यमंत्री असताना त्यांच्यावरचाच पाटणा अर्बन को-ऑपरेटिव्ह बँकेचा खटला मागे घेण्याचा अर्ज १९८१ मध्ये दिला गेला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पाच न्यायमूर्तींपर्यंत गेले आणि ३ विरुद्ध २ मतांनी माघार कायम राहिली. सरन्यायाधीश भगवती अल्पमतात होते. आता आजी-माजी आमदार-खासदारांवरचे खटले उच्च न्यायालयाच्या परवानगीशिवाय मागे घेता येत नाहीत, असा ऑगस्ट २०२१चा आदेश आहे. नव्या संहितेत पीडिताचे म्हणणे ऐकल्याशिवाय माघार नाही, अशीही तरतूद आली. चांगले झाले. पण आमदाराच्या मेहुण्यावरचा खटला यात येत नाही. पुतण्यावरचा, कारखान्याच्या संचालकावरचा, पतसंस्थेच्या अध्यक्षावरचाही नाही.

आपल्या जिल्ह्यांत तर नात्यांचे जाळे सहकारातून जाते. एकाच घरात साखर कारखान्याचे संचालकपद, जिल्हा बँकेची जागा, बाजार समिती आणि जिल्हा परिषदेचे सदस्यत्व असते. पतसंस्था बुडाली की ठेवीदारांच्या हितसंरक्षणाच्या १९९९च्या कायद्याखाली गुन्हा नोंदतो, मालमत्ता जप्त होतात आणि खटला जिल्ह्याच्या नियुक्त न्यायालयात चालतो. आरोपींच्या यादीत पंधरा-वीस संचालक असतात. त्यांतला एक सरकारी वकिलाचा आतेभाऊ निघाला, तर आज त्याने काय करावे हे सांगणारा नियम नाही. काही सरकारी वकील स्वतःहून बाजूला होतात, त्यांचा आदर वाटतो. पण बाजूला होऊन फाइल जाते कुणाकडे? कार्यालयातल्या कामाचे वाटप जिल्हा सरकारी वकीलच करतो. त्याची फाइल त्याच्याच हाताखालच्या अतिरिक्त सरकारी वकिलाकडे गेली, तर बाजूला होण्याला काय अर्थ उरला?

न्यायाधीश आणि वकील यांच्या नात्याबाबत मात्र आपल्याकडे नियम आहे आणि तो अगदी स्पष्ट आहे. भारतीय विधिज्ञ परिषदेच्या आचारनियमांत लिहिले आहे की पीठावरचा न्यायाधीश वकिलाचा वडील, आजोबा, मुलगा, नातू, काका-मामा, भाऊ, पुतण्या-भाचा, चुलत-मावस-आते-मामे भावंड, पती, पत्नी, आई, मुलगी, बहीण, सासू, सासरे, जावई, सून, मेहुणा किंवा वहिनी-नणंद असा नातेवाईक असेल, तर त्या वकिलाने तिथे उभे राहायचे नाही. त्यावेळी कुणी म्हणत नाही की मुलगा हुशार आहे, त्याची पात्रता पाहा. पक्षकाराचा विश्वास टिकावा म्हणून नियम आहे, हुशारीवर अविश्वास म्हणून नाही. सरकारी वकिलासमोर पक्षकार असतो समाज, आणि त्यालाच हे संरक्षण नाही.

म्हणून सरकारकडे मागणी अशी. नातेवाइकांची वरची यादी आयती आहे, ती तशीच्या तशी १९८४च्या नियमांत घ्यावी. सरकारी वकिलाच्या पदासाठी अर्ज करणाऱ्याने या यादीतले कोण कोण लोकप्रतिनिधी आहे, राजकीय पक्षाचे पदाधिकारी आहे, सहकारी संस्थेचे संचालक आहे, हे प्रतिज्ञापत्रावर द्यावे आणि दरवर्षी ते अद्ययावत करावे. एक पान पुरते. नाते आहे म्हणून कुणाला अपात्र ठरवू नये, लपवले तर मात्र नेमणूक रद्द व्हावी. असा नातेवाईक आरोपी, फिर्यादी, महत्त्वाचा साक्षीदार किंवा मोबदला घेणारा असेल त्या प्रकरणात सरकारी वकिलाने पहिल्याच तारखेला लेखी कळवावे, न्यायालयाने ते रोजनाम्यात घ्यावे, आणि फाइल त्याच कार्यालयात न ठेवता शेजारच्या जिल्ह्यातल्या सरकारी वकिलाकडे किंवा विशेष सरकारी वकिलाकडे द्यावी. नव्या संहितेच्या कलम २० मध्ये अभियोग संचालनालयाला गंभीर खटल्यांवर देखरेख आणि अपिलाबद्दल मत देण्याचे काम दिले आहे. संचालक होण्यासाठी पंधरा वर्षांची वकिली किंवा सत्र न्यायाधीशपदाचा अनुभव लागतो. फाइल हलवण्याचा निर्णय या संचालकांकडे दिला तर मंत्रालयात खेपा मारायची गरज नाही.

दुसरे, पॅनेल उघड करावे. किती अर्ज आले, किती नावे पॅनेलमध्ये गेली, सत्र न्यायाधीशांनी कुणाबद्दल काय मत दिले आणि ते डावलले असेल तर कारण काय. न्यायाधीशांनीही ‘योग्य आहेत’ एवढेच लिहून थांबू नये. त्या वकिलाने आपल्या न्यायालयात किती सत्र खटले शेवटापर्यंत चालवले आणि उलटतपास कसा घेतला, हे त्यांच्याइतके कुणालाच ठाऊक नसते.

आणि मुदतीचे संरक्षण. सरकार बदलले की सरकारी वकिलांची यादी बदलायची, ही पद्धत राज्याराज्यांत रुळली आहे. उत्तर प्रदेशात १९९० मध्ये एका परिपत्रकाने सगळ्या जिल्ह्यांतले सरकारी वकील एकाच तारखेपासून काढले गेले. श्रीलेखा विद्यार्थी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते परिपत्रक मनमानी ठरवून रद्द केले. तरी सवय गेलेली नाही. ज्याची नेमणूक मर्जीवर आणि गच्छंतीही मर्जीवर, त्याच्याकडून स्वतंत्र बुद्धीची अपेक्षा करायची कशी? घराण्यातला नसलेला वकीलही मग कुठल्या तरी घराण्याच्या दारात जाऊन उभा राहतो. हे मला नातेवाइकाच्या नेमणुकीइतकेच घातक वाटते.

काही वकील मित्रांचा आक्षेप ऐकला आहे की अशाने राजकीय घरातली चांगली मुले-मुली या कामाकडे वळणार नाहीत. मला उलटे वाटते. सरकारी वकिली ही पुढच्या वाटचालीची पायरी आहे. ‘दीपक अगरवाल’ खटल्यातल्या २०१३च्या निकालाने सरकारी अभियोक्त्याचा काळही जिल्हा न्यायाधीशपदाच्या सरळ भरतीसाठी लागणाऱ्या सात वर्षांच्या वकिलीत धरला जातो. उच्च न्यायालयात सहायक सरकारी वकील, मग महामंडळे आणि महापालिकांची पॅनेले, कुणाला पुढे न्यायाधीशपद, कुणाला उमेदवारी. ज्या तरुण वकिलाला आडनावामुळे आयुष्यभर ‘वशिल्याने आला’ हे ऐकावे लागणार आहे, त्याच्या हातात सत्र न्यायाधीशांचे लेखी मत आणि स्वतः दिलेले प्रतिज्ञापत्र असेल तर त्याच्या कामाला त्याचे स्वतःचे नाव मिळेल.

नियम होईपर्यंत नागरिकांनी थांबायची गरज नाही. आपल्या जिल्ह्यातल्या शेवटच्या नेमणुकीचे पॅनेल माहिती अधिकारात मागता येते. अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयाच्या जनमाहिती अधिकाऱ्याकडे एक आणि मंत्रालयात विधी व न्याय विभागाकडे एक, असे दोन करावेत, कारण पॅनेल एकीकडे आणि नेमणुकीची नस्ती दुसरीकडे असते. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि मजकूर १५० शब्दांच्या आत. दहा रुपयांचे कोर्ट फी स्टॅम्प लावले की झाले. ‘नेमणूक योग्य आहे का’ असे विचारू नये, त्याला उत्तर मिळत नाही. ‘अमुक तारखेच्या नेमणूक आदेशासाठी पाठवलेल्या पॅनेलची प्रत, सत्र न्यायाधीशांच्या पत्राची प्रत आणि नस्तीवरील टिप्पणीची प्रत’ असे कागदांचे नाव घेऊन मागावे. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा वैयक्तिक माहिती म्हणून नाकारले, तर पुढच्या ३० दिवसांत वीस रुपयांचे कोर्ट फी स्टॅम्प लावून पहिले अपील करावे आणि त्यात कलम ८(२)चा, म्हणजे व्यापक जनहिताचा, आधार स्पष्ट लिहावा. नेमणूक सार्वजनिक पदावरची आहे आणि मानधन सरकारी तिजोरीतून जाते, ही दोन वाक्ये त्या अपिलात हवीतच.

आपला,
जिल्हा न्यायालयात फौजदारी वकिली करणारा एक वाचक
सोलापूर